उत्तम तापमान पंचेचाळीस

२१ एप्रिल, गारखेडा

आकाश,

सप्रेम जयभीम.

माऊली धोक्याबाहेर आहे. मांडी भाजली आहे, पण पायाला भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे त्याच्या आईनं, सरूबाईंनी, आज सकाळी दवाखान्यातून आपल्या आईला सांगितलं आणि आईनं मला. पाय कापावा लागणार, डोळा गेला, असं जे गावात फिरतंय ते खोटं आहे. पोराच्या आईच्या तोंडून आलेलं तेवढंच धरून चाल.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आई म्हणाली, "फोनवर तुमी दोघं भांडताल. लिहून धाड, वाचील त्यो." पाकीट पुंडलिकमामांकडे देते आहे. ते अजून पैठणच्या गाडीवर कंडक्टर आहेत. गाडी बिडकीनला थांबली की तुझ्या दुकानात टाकतील.

मला कळलं ते असं. माऊलीनं नेटवर वाचून फोनचा वेग वाढवला, ओव्हरक्लॉक केला. शनिवारी त्याच्या खिशातच बॅटरी फुटली. आता गावात म्हणतात, आकाशचा लेख वाचून त्यानं हे केलं. काकासाहेब माऊलीचे वडील आहेतच, पण तुझ्या गाळ्याचे मालकही आहेत. मला सगळ्यात जास्त धास्ती त्याची आहे. दवाखान्यातून ते थेट तुझ्याकडे आले होते का? काय म्हणाले? आई सगळं सांगत नाही. विचारलं की म्हणते, "त्यो जेवलाय, झोपलाय, बरा हाय."

एक गोष्ट मनापासून मागते. तुझ्या ब्लॉगवरच्या त्या लेखाला हात लावू नकोस. चूक दिसली तरी नको, भीती वाटली तरी नको. आज काही बदललंस तर उद्या लोक म्हणतील, पुरावा पुसला.

आणि दुसरं. माऊलीनं वाचलं ते पान तुझं नव्हतं. तू बॅटरीबद्दल लिहिलं होतंस, "कमाल तापमान ४५ अंश." त्यानं वाचलेल्या पानावर "उत्तम तापमान ४५ अंश" असं आहे. उत्तम पंचेचाळीस लिहिलं होतं, असं तो सरूबाईंना म्हणाला, तेही आईनंच सांगितलं. बाकी सगळा मजकूर तुझाच, फक्त शब्द दुसरे. ते पान तुझं नाही हे मी खात्रीनं सांगू शकते.

कसं, ते पुढच्या पत्रात लिहिते. आज गाडीची वेळ झाली आहे.

तुझी
मेघाताई


२३ एप्रिल

आकाश,

पत्र पोचलं आणि तू ते वाचलंस. पुंडलिकमामांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते: "म्या पाकीट दिलं, म्हणलं वाच. तर म्हणतो, गिऱ्हाईक हाय मामा. कुठलं गिऱ्हाईक? दुकानात माशी बी नव्हती. मंग परतीला गाडी थांबली तर ह्यो पठ्ठ्या फाट्यावर उभाच. पाकीट माझ्या हातात कोंबलं आन् गेला. तुमी भाऊ-बहीण मला पोस्टमन करून सोडणार."

पाकिटाच्या मागं तू चारच शब्द लिहिलेस. "तुला कसं म्हाईत ताई." प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

ते पान आमच्या ऑफिसचं आहे.

पेपरची इथली आवृत्ती बंद झाली तेव्हा मी आईला सांगितलं होतं की कंटेंटचं काम धरलंय. उस्मानपुऱ्यात ऑफिस आहे. आईला वाटतं मी बातम्या लिहिते. मी बातम्या लिहीत नाही. नेटवरचा कुणाचा तरी लेख आमच्यापुढे येतो. त्यातल्या प्रत्येक वाक्याचे शब्द बदलायचे, समानार्थी शब्द घालायचे आणि तो आमच्या वेबसाईटवर चढवायचा. शोधताना आमचं पान वर यावं आणि उचलेगिरी दिसू नये, एवढंच त्यातलं कौशल्य. ऑफिसात याला 'धुणं' म्हणतात. "तो बॅटरीवाला लेख धुऊन झाला का?" असं आमचे साहेब, प्रणय, दिवसातून दहादा विचारतात. प्रणयच या धंद्याचा मालक आहे. माझ्यापेक्षा वयानं लहान आहे, मला मेघाताई म्हणतो.

धुण्याची रीत अशी. एक सॉफ्टवेअर शब्दापुढे शब्द सुचवतं. मोनिका नावाची मुलगी त्यातला एक निवडते. शेवटी मी वाचते आणि पान जातं. 'वेग'ची 'गती' होते, 'तापला'चं 'उष्ण झाला' होतं. बॅटरीला दुसरा शब्द नाही, म्हणून ती बॅटरीच राहते.

'कमाल'पुढे सॉफ्टवेअरनं तीन शब्द दिले होते: उत्तम, अद्भुत, अफलातून. मोनिकानं त्यातल्या त्यात साधा निवडला. आज मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती छावणी भागात वाढली, घरात अर्धं मराठी, अर्धं हिंदी. म्हणाली, "मॅडम, कमाल मतलब बढियाच ना? मैंने सोचा, लिहिणाऱ्यानं गमतीत लिहिलंय. गर्मी में क्या कमाल होती?" मी म्हटलं, "बाई, कमाल म्हणजे जास्तीत जास्त. त्याच्या वर जायचं नाही." ती हळूच म्हणाली, "मग तसंच लिहायचं ना त्यांनी." रडली नाही. पण डबा तसाच घरी घेऊन गेली.

तिच्यावर राग धरू नकोस. कारखान्यात नवीन मुलीला मशीन चालवायला देतात तसं आम्ही तिला भाषा दिली.

आता तू विचारशील, ताई, तू शेवटी वाचतेस ना? मग तुझ्या नजरेतून कसं सुटलं? पेपरात इतकी वर्षं हवामानाची चौकट मी लावली. रोज कमाल, रोज किमान. ते माझ्या नजरेतून कसं सुटलं, ते मलाच कळत नाही. कामाचा रेटा होता, एवढंच म्हणू शकते.

लेख आमच्याकडे मार्चमध्ये आला तेव्हा त्यात 'कमाल' होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. हे मी कुणापुढेही सांगेन.

काकासाहेब दुकानात आले होते का ते कळव. पाकिटाच्या मागं लिहिलंस तरी चालेल.

मेघाताई


२५ एप्रिल

आकाश,

आमच्या वेबसाईटवरून ते पान काल दुपारी काढलं. हे स्वतः प्रणयनं मला सांगितलं. काढण्याआधी त्यानं 'उत्तम'चं 'योग्य' करून बघितलं होतं. मी म्हटलं, "अहो, हाही तोच अर्थ झाला." तर म्हणाला, "मग काढूनच टाकू."

मला वाटलं होतं, पान राहील आणि आपण दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवू. आता ते जमणार नाही. मी विचारलं, "मागची प्रत असेल ना?"

"सगळं साफ केलं, मेघाताई. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"माझ्या भावावर येतंय ते."

"भावाचा लेख होता हे तुम्ही आधी कुठं बोललात? आणि खाली आपली सूचना होती, स्वतःच्या जबाबदारीवर करा म्हणून." मग म्हणाला, "तुम्हा पेपरवाल्यांना सवय असते, दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची. आपल्याकडं खुलासा नसतो."

तो वाईट माणूस नाही. घाबरला आहे. मीही घाबरले आहे, म्हणून मला ओळखू आलं.

आईनं आज फोनवर शेवटी सगळं सांगितलं. काकासाहेबांनी महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितला आहे. आणि तुझ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज देणार आहेत. तू त्यांना ब्लॉग दाखवलास, "हे बघा, कमाल लिहिलंय," म्हणालास. ते म्हणाले, "आता लिव्हलं असशील. नेटवरचं काय, हाताच्या मळागत बदलतंय." तू आमच्या पानाचा फोटो काढून ठेवला होतास, तोही दाखवलास. त्यावर म्हणाले, "फोनमधलं काय बी फिरवायचं, ह्योच तर तुझा धंदा हाय." आईनं हे अगदी त्यांच्या आवाजात सांगितलं. तिला हसू आलं असावं, पण आवरलं तिनं.

त्यांचं म्हणणं मी बाहेरच्या माणसासारखं तपासून बघितलं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. तुझं पान आज काय म्हणतं, याला अर्थ नाही. मार्चमध्ये ते काय म्हणत होतं, हे बघितलेला माणूस पाहिजे. तशा दोघीच आहोत, मी आणि मोनिका. मोनिकाला मी यात ओढणार नाही.

काल दवाखान्यात जाऊन आले. तुला न विचारता गेले. सरूबाई खाटेशेजारी बसल्या होत्या, पंख्याचा वारा पोराला लागावा म्हणून स्वतः भिंतीला सरकून. मला बघून म्हणाल्या, "आकाशची बहीण ना गं तू? ये. बस." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आकाशवर माझा राग नाय बाई. गेल्या साली माझा फोन पाण्यात पडला, त्यानं दिवसभर बसून नीट केला. पर ह्यांच्यापुढं कोण बोलंल? पोराची मांडी बघितली की म्या बी बोलत नाय."

माऊली शुद्धीत आहे, बोलतो. एकवीस वर्षांचा बाप्या, पण पोटावर उशी घेऊन लहान पोरासारखा पडला होता.

"गेम अडकायचा ओ ताई. स्पर्धा होती. मंग आकाशभाऊचं आठवलं, त्यो म्हणला होता, म्या लिव्हलंय, शोध नेटवर. शोधलं. पयलंच जे आलं ते वाचलं."

"नाव बघितलं नाहीस कुणाचं आहे ते?"

"नाव कोण बघतं?" म्हणाला. "सगळं बरोबर केलं म्या. वेग चढवला. पर फोन चाळीसच्या वर जाईना. उत्तम पंचेचाळीस लिव्हलं होतं ना. मंग ट्रॅक्टरच्या बॉनटवर उन्हात ठिवला. सत्तेचाळीस दाखवलं तवा म्हणलं, आता पळंल. आन् खिशात घातला."

"पळाला का?"

"मीच पळालो ताई," म्हणाला आणि हसायला गेला, तर जखम ओढली.

आकाश, त्यानं फोन उन्हात तापवला. पोळी तव्यावर टाकावी तसा. पानावर लिहिलं होतं म्हणून. मी परत येताना रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला पत्ताच सांगता येईना.

सरूबाई चहा आणायला गेल्या तेव्हा माऊलीशी आणखी थोडं बोलणं झालं. ते आज लिहीत नाही.

मेघाताई


२७ एप्रिल

आकाश,

तुझी चिठ्ठी पुंडलिकमामांनी सकाळी दिली. यावेळी पाकिटामागं नाही, दुकानाच्या बिलाच्या कागदावर. मजकूर एका ओळीचा.

"कमालचं समजलं. दम कुणी काढला?"

म्हणजे पान काढायच्या आधी तू ते शेवटपर्यंत वाचलंस. मला वाटलं होतं, कमालवरच थांबशील.

तुझं वाक्य असं होतं: "फोनला दम लागला की समजायचं, झालं. तिथनं पुढं ओढायचं नाय." आमच्या पानावर ते असं होतं: "फोनला बळ मिळाले की समजावे, कार्य झाले. पुढे ओढण्याची आवश्यकता उरत नाही."

ते मोनिकानं केलं नाही. ते वाक्य मी तिला दिलंच नव्हतं.

लेख मार्चमध्ये आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं. आमच्याकडे येतात ते असेच येतात, मुंडकं उडवलेले. मी वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला कळलं. फोनला दम लागतो असं सगळ्या महाराष्ट्रात एकच माणूस लिहील. आपले आप्पा विहिरीवरच्या मोटारीबद्दल म्हणायचे ना, "दम लागलाय तिला, जरा बसू द्या." ते तू फोनला लावलंस.

तू मला पेपरसाठी सदर लिहून दिलं होतंस, तेव्हाही हेच वाक्य होतं. मी त्याचं "कार्यक्षमता मंदावते" केलं होतं. तू वाचलंस आणि म्हणालास, "चांगलं झालंय ताई. पण हे माझं नाय. तुझ्याच नावानं छाप." ते कुणाच्याच नावानं छापलं गेलं नाही, आणि त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी आईला सांगत आले की एवढ्याशा कारणावरून कुणी तोंड फिरवतं का.

मार्चमध्ये ते वाक्य पुन्हा समोर आलं. मी प्रणयला म्हणू शकत होते, हा माझ्या भावाचा लेख आहे, सोडून द्या. म्हटलं नाही. मला भीती वाटली की बिडकीनचं कुणीतरी ते पान वाचेल, ओळखेल आणि तुला सांगेल, तुझी बहीण तुझेच कपडे धुऊन लोकांना विकते. म्हणून तुझी ओळख पटेल अशी जेवढी वाक्यं होती, तेवढी मी स्वतः बसून काढली. "रट्टा देऊ नका", "फोन म्हणजे काय बैल नाय", "लई घाई करणाऱ्यानं ह्या भानगडीत पडू नये". एकेक वाक्य उलटंपालटं केलं. 'दम'चं 'बळ' करताना मला अर्थ कळत होता. मला वाटलं, वाचणाऱ्यालाही कळेल.

'कमाल' नजरेतून कसं सुटलं ते कळत नाही, असं मी लिहिलं होतं. कळतं. मी त्या लेखात फक्त तुला शोधत होते. 'कमाल तापमान' हा सरकारी शब्द, त्यात तू नव्हतास. म्हणून त्यावरून नजर घसरली.

हे वाचून तू पुढची पत्रं घेतली नाहीस तर तो तुझा हक्क आहे. पण महिनाअखेर गाळ्याचं काय होतं ते ठरेपर्यंत घे. काकासाहेबांशी बोलायचं आहे आणि मी तिथं आले पाहिजे, हे मला कालपासून दिसतंय. तू नको म्हणालास तरी येईन. आईला सांगितलं आहे, "तू त्यांच्याकडे शब्द टाक." ती म्हणाली, "बघते." तिचं 'बघते' म्हणजे अर्धं काम झालं असं आपण धरायचो.

मेघा


२९ एप्रिल

आकाश,

काकासाहेब उद्या सकाळी दुकानात येणार आहेत आणि माझं ऐकून घेणार आहेत. आई स्वतः त्यांच्या घरी जाऊन आली, तिनंच मला फोन करून पक्कं सांगितलं. माऊलीला काल घरी सोडलं, तोही येईल, काठी टेकून चालतो आहे. ठाण्यातला अर्ज लिहून तयार आहे, पण अजून दिलेला नाही. ऐकून घेतल्यावर द्यायचा की नाही ते ठरवतील.

आईनं त्यांना कसं वळवलं ते तिनं तुला सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. ती म्हणाली, "काकासाहेब, पोरीचं ऐका, मंग काय करायचं ते करा."

ते म्हणाले, "पारूबाई, तुमची पोरगी तुमच्याच पोराकडून बोलणार. त्यात ऐकायचं काय?"

आई म्हणाली, "तिचं आन् त्याचं तीन साल झालं बोलणं नाय, हे साऱ्या बिडकीनला म्हाईत हाय. त्याच्याकडून बोलायला तिला काय पडलंय?"

यावर सरूबाई आतून म्हणाल्या, "व्हय की." आणि काकासाहेब ऐकून घ्यायला कबूल झाले. आपलं भांडण पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं.

प्रणयला मी काल सांगितलं की मी बिडकीनला जाऊन काय घडलं ते सांगणार आहे, ऑफिसचं नाव विचारलं तर तेही. तो म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नका." मी टेबल आवरत होते तर मोनिका आली आणि म्हणाली, "मॅडम, मेरा नाम भी बोल देना. मैंने ही चुना था." मी म्हटलं, "लागलं तर बोलेन." पण बोलणार नाही. का, ते पुढं वाच.

दवाखान्यात माऊलीशी आणखी बोलणं झालं होतं आणि मी ते लिहिलं नव्हतं. तुला उद्या तिथं पहिल्यांदा कळलं तर तुझा चेहरा पडेल आणि काकासाहेब ते बघतील, म्हणून आज लिहिते.

मी माऊलीला सांगितलं होतं, "मूळ लेखात 'उत्तम' नव्हतं रे. 'कमाल' होतं. कमाल तापमान पंचेचाळीस."

तो म्हणाला, "कमाल म्हंजे भारीच ना?"

मी त्याला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शाळेत शिकला असेल, बातम्यांत रोज ऐकत असेल, पण त्याच्या डोक्यात कमाल म्हणजे फोनवर लोक एकमेकांना म्हणतात ते कमाल. मोनिकासारखंच. म्हणजे तुझाच लेख वाचला असता तरी त्या ओळीपाशी तो फोन बॉनटवर ठेवणारच होता, असं काकासाहेब उद्या म्हणू शकतात. ते हुशार आहेत, विचारतील. "माऊली, कमाल लिव्हलं असतं तर तू थांबला असतास का?" असा सरळ प्रश्न ते पोराला करतील.

उत्तर पढवता आलं असतं. सरूबाई बाहेर होत्या, पोरगं साधं आहे, म्हणालं असतं, "थांबलो असतो." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याची मांडी समोर उघडी होती. मी पढवलं नाही.

त्याऐवजी दुसरं विचारलं. तुझं वाक्य त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "फोनला दम लागला की समजायचं, झालं. हे लिहिलेलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तो क्षणभरही थांबला नाही. "दम लागल्यावर? मंग बसवायचं की त्याला. दम लागलेल्या बैलाला कोण हाणतं?"

आकाश, म्हणून मी मोनिकाचं नाव घेणार नाही. तिनं बदललेला शब्द चुकीचाच होता, पण त्याच्याखाली तुझं वाक्य उभं असतं तर पोरगं वाचलं असतं. ते वाक्य मी काढलं, आणि ते चुकून काढलं नाही. उद्या मी हेच सांगणार आहे, याच क्रमानं. कमालमध्ये थोडा दोष लिहिणाऱ्याकडेही जातो, हे मी लपवणार नाही. मी लपवलं आणि त्यांनी पोराच्या तोंडून काढलं तर पुढचं एकही वाक्य ते ऐकणार नाहीत. तुझ्या बाजूनं बोलायचं तर आधी तुझ्याविरुद्धचं मला बोलावं लागेल. ते तुला लागेल. सहन कर.

अर्जात तुझ्या नावाऐवजी माझं नाव लिहा, असंही म्हणेन. त्याचं पुढं काय होईल मला माहीत नाही. पेपरात होते तेव्हा असल्या बातम्या चार ओळींत संपवायचे, त्यामुळे नंतर काय होतं ते कधी बघितलंच नाही. अर्जाचं हे आजच आईला सांगू नकोस.

लेखातला 'कमाल' तुला बदलावा लागेल. "पंचेचाळीसच्या वर जाऊ देऊ नका" असं लिही, शहाण्यालाही कळेल आणि घाईवाल्यालाही. पण हे उद्यानंतर. आज हात लावू नकोस.

पुंडलिकमामांच्या सकाळच्या गाडीनं येते. काकासाहेब दहाच्या सुमारास येतील, त्यांच्याबरोबर दोन-तीन माणसं असतील. ते आधी मला विचारतील की आधी माऊलीला, हे आईलाही सांगता आलं नाही. मला आधी विचारलं तर बरं. माऊलीला आधी विचारलं तर तो "कमाल म्हंजे भारी" म्हणेल आणि सगळे वळून तुझ्याकडे बघतील. त्या वेळी तू रागानं काही बोलशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. बोलू नकोस. माझ्याकडे बघायचं नसेल तर रस्त्याकडे बघ, पण मी बोलायला लागेपर्यंत गप्प उभा राहा.

सामान बांधायला घेतलं असशील तर आज थांब. उद्या दहापर्यंत काही हलवू नकोस.

मेघाताई